गटवार कोष्टकातून ओळींची निवड
(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोष्टक ही वस्तू प्राथमिक शिक्षकास नवी नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही, उंची-वजनाचा तक्ता, संकलित मूल्यमापनाचे गुणपत्रक, यांपैकी प्रत्येक कागद म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने यांची एक चौकट होय. या चौकटी भरण्यात शिक्षकाचा पुष्कळ वेळ खर्ची पडतो आणि त्याविषयी तो तक्रार करतो, ती रास्तही असते. तथापि भरलेल्या कोष्टकाचे पुढे काय होते, त्यातील कोणत्या ओळी उचलल्या जातात आणि कोणत्या मागे राहतात, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पूर्वी हे काम तालुक्याच्या कचेरीत कारकून पेन्सिलीने खुणा करून करीत असे. आज ते संगणकावर होते, आणि संगणकास जी आज्ञा मिळते तिच्यात एका शब्दाचा फरक पडला, तर एखादे मूल हिशेबात येते किंवा हिशेबातून नाहीसे होते. शिक्षकाने स्वतः आज्ञावली लिहावी अशी अपेक्षा येथे नाही. ती लिहिणारा माणूस कोणता प्रश्न विचारीत आहे हे त्याला ओळखता आले म्हणजे पुरे.

या विषयाचे मर्म संगणकावाचून, नुसत्या चिठ्ठ्यांच्या साहाय्यानेही समजते; किंबहुना तसेच ते अधिक चांगले समजते. समजा, चौथीपर्यंतच्या एका शाळेत साठ मुले आहेत. प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी करावी आणि तीवर नाव, इयत्ता व उंची लिहावी. सर्व चिठ्ठ्या एका टोपलीत ठेवून एखाद्या विद्यार्थ्यास सांगावे, “सर्वांत उंच मुलाची चिठ्ठी काढ.” तो एक चिठ्ठी काढील, आणि ती बहुधा चौथीतील मुलाची असेल. नंतर त्याच चिठ्ठ्यांचे इयत्तावार चार ढीग करावेत आणि पुन्हा तेच वाक्य उच्चारावे, मात्र ते प्रत्येक ढिगाला उद्देशून. आता चार चिठ्ठ्या हाती येतील. त्यांतील पहिलीच्या मुलाची उंची चौथीतल्या कित्येकांहून कमी असेल. तरीही तो आपल्या ढिगात सर्वांत उंचच आहे. वाक्य बदलले नाही, चिठ्ठ्याही बदलल्या नाहीत. ढीग तेवढे बदलले. ‘सर्वांत’ या शब्दातील ‘सर्व’ म्हणजे कोण, एवढेच ढिगांनी ठरविले. गटवार निवडीचे पहिले तत्त्व हेच, आणि पुढील बहुतेक घोटाळे त्याच्या विस्मरणातून उद्भवतात.

हेच काम संगणकावर करण्यासाठी जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांच्या वापरात असलेली एक भाषा ‘आर’ या एकाक्षरी नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ च्या सुमारास ‘एस’ नावाची भाषा सिद्ध केली होती. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ घडविली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ही भाषा विनामूल्य मिळते. कोष्टके हाताळण्याकरिता हॅडली विकॅम व त्यांचे सहकारी यांनी ‘डीप्लायर’ नावाचा आज्ञासंग्रह तयार केला, तो २०१४ पासून उपलब्ध आहे. ढीग करण्याच्या आज्ञेस त्यात ‘ग्रुप-बाय’, अटीत बसणाऱ्या ओळी ठेवण्याच्या आज्ञेस ‘फिल्टर’ आणि एखाद्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा असलेली ओळ उचलण्याच्या आज्ञेस ‘स्लाइस-मॅक्स’ असे म्हणतात. नावे परकी आहेत, परंतु कृती टोपलीतल्या चिठ्ठ्यांचीच आहे.

‘आर’ भाषेबरोबरच काही तयार कोष्टके अभ्यासासाठी मिळतात. त्यांपैकी ‘चिकवेट’ नावाचे एक कोष्टक या विषयास फार सोयीचे आहे. कोंबडीच्या पन्नास पिल्लांना चार निरनिराळे आहार देऊन त्यांचे वजन वेळोवेळी घेतले गेले, त्याची ही नोंद आहे. पहिला आहार वीस पिल्लांना आणि उरलेले तीन आहार प्रत्येकी दहा पिल्लांना दिले होते. जन्माच्या दिवशी, मग एक दिवसाआड विसाव्या दिवसापर्यंत, आणि शेवटी एकविसाव्या दिवशी अशी बारा वजने प्रत्येक पिल्लाची व्हावयाची होती. प्रत्येक वजनाची एक ओळ. पन्नास पिल्ले आणि बारा वजने यांचा गुणाकार सहाशे. परंतु कोष्टकातील ओळी मोजल्या तर त्या ५७८ भरतात. बावीस ओळी कोठे गेल्या, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा. ज्याने ओळी मोजल्याच नाहीत त्याला तो पडतही नाही, एवढे मात्र ध्यानात असावे.

प्रथम साधी निवड पाहू जाता, ढीग न करता सर्वांत जास्त वजनाची ओळ मागितली तर एकच ओळ येते: ३५ क्रमांकाचे पिल्लू, तिसरा आहार, एकविसावा दिवस, वजन ३७३ ग्रॅम. आहारवार ढीग करून तीच मागणी केली तर चार ओळी येतात. पहिल्या आहारात ३०५ ग्रॅमचे ७ क्रमांकाचे पिल्लू, दुसऱ्यात ३३१ ग्रॅमचे २१ क्रमांकाचे, तिसऱ्यात वर सांगितलेले ३७३ ग्रॅमचे, आणि चौथ्यात ३२२ ग्रॅमचे ४८ क्रमांकाचे. येथवर काही अडचण नाही.

ढीग कशावरून करावेत हे मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते. आहार आणि दिवस या दोन्हींवरून ढीग केले तर चार गुणिले बारा, म्हणजे ४८ ढीग होतात. पिल्लू आणि दिवस यांवरून केले तर ५७८ ढीग होतात आणि प्रत्येक ढिगात एकच ओळ उरते. मग प्रत्येक ओळ आपल्या ढिगात पहिलीही आणि शेवटचीही ठरते, आणि निवडीला अर्थच राहत नाही. उलट चूकही तितकीच सहज होते. शाळेच्या एकत्रित गुणपत्रकात नुसत्या हजेरी क्रमांकावरून ढीग केले, तर दुसरीतला सात नंबर आणि चौथीतला सात नंबर एकाच ढिगात पडतात, आणि दोन मुलांचे मिळून एक मूल तयार होते. संगणक त्याबद्दल हूं की चूं करीत नाही. तेथे इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक हे तिन्ही रकाने एकत्र घेतल्याशिवाय मूल ओळखले जात नाही. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र एकटाच पुरतो, कारण तो त्या शाळेत दुसऱ्या कोणाला दिलेला नसतो.

आता या विषयातील खऱ्या अडचणीकडे वळावे. समजा, कोणी विचारले की आहार संपल्यावर प्रत्येक पिल्लाचे वजन किती झाले. प्रश्न सरळ आहे; पण त्याचे उत्तर काढण्यासाठी तीन वेगवेगळ्या आज्ञा देता येतात, आणि तिन्ही ऐकावयास सारख्याच वाटतात. ज्या ओळीत दिवस एकविसावा आहे ती ओळ घ्या, ही एक. प्रत्येक पिल्लाची शेवटची ओळ घ्या, ही दुसरी. प्रत्येक पिल्लाची सर्वांत जास्त वजनाची ओळ घ्या, ही तिसरी. पिल्लू रोज वाढत जाते, तेव्हा शेवटचे वजन हेच सर्वांत जास्त असणार आणि शेवटचा दिवस म्हणजे एकविसावाच असणार, असे मनुष्य गृहीत धरतो.

प्रत्यक्षात पहिल्या आज्ञेने ४५ ओळी येतात, दुसरीने ५०. म्हणजे पाच पिल्ले एकविसाव्या दिवसापर्यंत पोहोचलीच नाहीत. बावीस ओळींचा शोध येथे लागतो. ८ क्रमांकाच्या पिल्लाची नोंद विसाव्या दिवशी थांबते, ४४ क्रमांकाच्या पिल्लाची अठराव्या दिवशी, १५ क्रमांकाची चौदाव्या आणि १६ क्रमांकाची बाराव्या दिवशी. १८ क्रमांकाच्या पिल्लाच्या तर दोनच ओळी आहेत: जन्मदिवशी ३९ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३५ ग्रॅम. नोंद का थांबली हे लिहिण्यास कोष्टकात रकानाच नाही.

या पाचांपैकी चार पिल्ले पहिल्या आहारावरची आहेत. एकविसाव्या दिवसाच्या ओळी निवडून सरासरी काढली, तर पहिल्या आहाराची सरासरी १७७.७५ ग्रॅम येते. ती वीसांची नसून सोळा पिल्लांची आहे. प्रत्येक पिल्लाची शेवटची ओळ निवडून सरासरी काढली तर ती १५६.३ ग्रॅम होते. चौथ्या आहारातही एक पिल्लू कमी पडते, म्हणून तेथे एका रीतीने सुमारे २३८.६ आणि दुसऱ्या रीतीने २२९.३ असे आकडे मिळतात. दुसऱ्या व तिसऱ्या आहारातील दहाही पिल्ले शेवटपर्यंत टिकली. त्यांच्या सरासऱ्या, २१४.७ आणि २७०.३, कोणत्याही रीतीने त्याच राहतात. आहारांचा क्रम येथे बदलत नाही हे खरे. तिसरा प्रथम आणि पहिला अखेर, असेच दोन्हीकडे दिसते. परंतु पहिला आणि दुसरा आहार यांमधील अंतर एका रीतीने सुमारे ३७ ग्रॅमचे, तर दुसरीने ५८ ग्रॅमहून अधिक. ज्या आहारात पिल्ले गळाली, त्याच आहाराला पहिल्या रीतीने लाभ झाला. गळालेली पिल्ले हलकी होती. ती मोजणीतून गेल्याने उरलेल्यांची सरासरी चढली.

मग दुसरी रीत निर्दोष मानावी काय? तसेही म्हणता येत नाही. दोन दिवसांच्या पिल्लाचे ३५ ग्रॅम आणि एकवीस दिवसांच्या पिल्लाचे ३०५ ग्रॅम एकाच बेरजेत घातल्याने जो आकडा निघतो, तो एकविसाव्या दिवसाचे वजन सांगत नाही. ती निरनिराळ्या वयांची खिचडी होते. यावर एकच प्रामाणिक मार्ग दिसतो: सरासरी १७७.७५ लिहावी, तिच्याच शेजारी ‘वीसांपैकी सोळा’ असे लिहावे, आणि उरलेली चार कोणती व त्यांची अखेरची नोंद कोणत्या दिवसाची, हे खाली मांडावे. सरासरी ओळींची निघते. किती ओळींची, हे ती स्वतः कधी बोलत नाही.

ग्रामीण शाळेत याचा अर्थ काय, हे फोड करून सांगण्याची गरज नसावी; पण एक उदाहरण घेणे बरे. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल मार्चच्या गुणपत्रकात नसते. त्याच्या जागी शून्यही नसते, ओळच नसते. वर्षअखेरची परीक्षा दिलेल्या मुलांच्या ओळी निवडून वर्गाची सरासरी काढली, तर जी मुले वर्षाच्या मध्यात गेली ती तीत येत नाहीत, आणि जितकी अधिक मागासलेली मुले जातील तितका वर्ग अधिक हुशार भासू लागेल. जून ते मार्च टिकविण्यासाठी ज्या शिक्षिकेने घरोघर जाऊन मुले परत आणली, तिच्या वर्गाची सरासरी मात्र खाली येईल, कारण ती मुले अर्धे वर्ष बुडालेली असूनही तिच्या पटावर उभी आहेत. दोन वर्गांची तुलना करणाऱ्या अधिकाऱ्याने ओळी मोजल्या नाहीत, तर ज्या वर्गाने मुले गमावली तो पुढे ठरेल. संगणकाने यात कोणतीही चूक केलेली नसते. त्याला मार्चच्या ओळी मागितल्या, त्याने त्या दिल्या.

तिसरी आज्ञा, म्हणजे जास्तीत जास्त वजनाची ओळ, ही आणखी एका कारणाने फसवी आहे. ८ क्रमांकाचे पिल्लू अठराव्या दिवशी १३४ ग्रॅम होते आणि विसाव्या दिवशी १२५. जास्तीत जास्त वजन मागितले तर १३४ येतात आणि घसरण झाकली जाते. १८ क्रमांकाच्या पिल्लाचे जास्तीत जास्त वजन जन्मदिवसाचे, ३९ ग्रॅम. २४ क्रमांकाचे पिल्लू शेवटपर्यंत राहिले, पण सहाव्या दिवशी ७४ ग्रॅम असलेले ते एकविसाव्या दिवशीही ७४ ग्रॅमच होते. मध्ये विसाव्या दिवशी ते ७६ पर्यंत गेले होते. त्याच आहारावर वाढलेले २१ क्रमांकाचे पिल्लू त्याच दिवशी ३३१ ग्रॅम भरले. दुसऱ्या आहाराची २१४.७ ही सरासरी या दोघांपैकी कोणाचीच ओळख पटू देत नाही. म्हणून प्रत्येक ढिगातील वरची ओळ काढली की खालचीही काढावी, असा एक चांगला रिवाज आहे. ‘स्लाइस-मिन’ ही आज्ञा ते काम करते. एकविसाव्या दिवशीच्या ओळींवर ती चालविली तर चार आहारांतून अनुक्रमे ९६, ७४, १४७ आणि १९६ ग्रॅम वजनाच्या ओळी येतात. शाळेत वर्गातील पहिल्या तिघांची नावे फळ्यावर लागतात. शेवटच्या तिघांची फळ्यावर लावू नयेत, पण शिक्षकाच्या टाचणवहीत ती असावीत.

‘शेवटची ओळ’ या शब्दांतही एक खोच आहे. संगणकाच्या दृष्टीने शेवटची ओळ म्हणजे कोष्टकात सर्वांत खाली लिहिलेली ओळ. ‘स्लाइस-टेल’ ही आज्ञा तीच उचलते. तारीख वा दिवस ती पाहत नाही. कोष्टक दिवसांच्या क्रमाने लावलेले असेल तोवर दोन्ही अर्थ जुळतात. कोणी मध्येच ते वजनाच्या चढत्या क्रमाने लावले, तर २४ क्रमांकाच्या पिल्लाची शेवटची ओळ विसाव्या दिवसाची होऊन बसते. म्हणून ओळीच्या जागेवर विसंबू नये. रकान्याचे नाव घेऊन मागणी करावी. ‘शेवटची ओळ’ न म्हणता ‘दिवसाचा आकडा ज्या ओळीत सर्वांत मोठा आहे ती ओळ’ असे म्हटले, म्हणजे कोष्टक कोणी कसेही उलटेपालटे केले तरी उत्तर तेच येते. याच कोष्टकात क्रमाची आणखी एक गंमत आहे. पिल्लानुसार सारांश काढला की यादीच्या अग्रभागी १ क्रमांकाचे पिल्लू येत नाही. १८, १६, १५ अशी यादी सुरू होते. कोष्टक रचणाऱ्यांनी पिल्लांची नावे आधी आहारवार आणि मग त्या आहारात शेवटच्या वजनाच्या चढत्या क्रमाने लावून ठेवली आहेत, हे त्याचे कारण. ते ठाऊक नसलेला मनुष्य कोष्टक बिघडले असे समजून उगाच खटपट करीत बसतो.

आता बरोबरीच्या गुणांचा प्रश्न. हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला बक्षीस-समारंभाच्या आदल्या दिवशी भेटतो. एकविसाव्या दिवशी पहिल्या आहारातील सर्वांत जड पाच पिल्ले मागितली असता वजने येतात ती अशी: ३०५, २६६, २२३, २१५ आणि २०५. पण २०५ ग्रॅमची पिल्ले दोन आहेत, १ क्रमांकाचे आणि १२ क्रमांकाचे. पाच मागितली, पात्र सहा. ‘स्लाइस-मॅक्स’ ही आज्ञा, दुसरे काही सांगितले नाही तर, सहाही ओळी देते. बरोबरी मान्य करू नये असे तिला बजावले, तर ती पाचच देते, आणि कोष्टकात आधी लिहिलेले पिल्लू, म्हणजे १ क्रमांकाचे, ठेवून १२ क्रमांकाचे गाळते. त्या पिल्लाचा दोष एवढाच की त्याची ओळ खाली होती.

पिल्लांच्या बाबतीत यात अन्याय कोणावर झाला असे नाही. परंतु ज्या हजेरीपटात मुलग्यांची नावे आधी आणि मुलींची नंतर लिहिलेली असतात, त्या पटावरून हीच आज्ञा चालविली तर काय होईल, याचा विचार व्हावा. बरोबरीचे गुण असलेल्या मुलगा-मुलीत प्रत्येक वेळी मुलगाच निवडला जाईल. तसे कोणी ठरविलेले नसेल, कोणाच्या मनातही नसेल. पटाच्या मांडणीतून तो पक्षपात आपोआप घडून येईल आणि छापील यादीवर त्याचा मागमूसही दिसणार नाही. नावे अकारविल्हे लावली तरी ‘अ’च्या मुलाला ‘ह’च्या मुलीवर तोच लाभ राहतो. जागा पाचच असतील आणि बरोबरी तोडणे भागच असेल, तर दुसरा निकष कोणता, तो अगोदर ठरवून लिहून ठेवावा: उपस्थितीचे दिवस, एखाद्या विषयाचे गुण, किंवा सर्वांसमक्ष टाकलेली चिठ्ठी. ओळ वर आहे हा निकष नव्हे.

रिकाम्या जागांविषयी थोडके सांगणे प्राप्त आहे. कोष्टकात उणीव दोन प्रकारची असते. एक, ओळ आहे पण आकडा नाही; हजेरीपटात गैरहजेरीची खूण असावी तसे. दुसरी, ओळच नाही. ‘चिकवेट’मध्ये दुसऱ्या प्रकारची उणीव आहे, शाळेच्या गुणपत्रकात बहुधा दोन्ही असतात. ‘आर’ भाषेत रिकाम्या जागेस एक खास खूण असते आणि तिचा नियम कडक आहे: एक आकडा अज्ञात असेल तर त्या गटातील सर्वांत मोठा आकडाही अज्ञात. त्यामुळे ‘फिल्टर’ वापरून, ज्या ओळीचे गुण गटातील सर्वाधिक गुणांएवढे आहेत ती ठेवा, अशी अट घातली आणि एखाद्या वर्गात एका मुलाचे गुण भरावयाचे राहिले, तर त्या संपूर्ण वर्गाची एकही ओळ निवडली जात नाही. संगणक तक्रारही करीत नाही. एका रिकाम्या घरापायी पूर्ण वर्ग यादीतून जातो. ‘स्लाइस-मॅक्स’ मात्र रिकाम्या घरांना रांगेच्या शेवटी लोटते आणि इतरांमधून निवड करते. यादीत तिसरीचा वर्ग का नाही असे कोणी विचारले, तर आधी रिकामे घर शोधावे.

ढीग करून काम झाल्यावर ते मोडण्यास विसरू नये, हीदेखील अनुभवाची गोष्ट आहे. ‘ग्रुप-बाय’ने घातलेली विभागणी कोष्टकावर अदृश्य शिक्क्यासारखी राहते. आहारवार चार जड पिल्ले काढल्यानंतर कोणी ‘आता यांतली पहिली ओळ द्या’ असे म्हटले, तर एक ओळ मिळेल अशी त्याची अपेक्षा असते. मिळतात पुन्हा चारच, कारण प्रत्येक ढिगाची पहिली ओळ दिली जाते. त्यासाठी ‘अनग्रुप’ ही ढीग मोडण्याची आज्ञा आहे. या विस्मरणाने इतके जण गांजले की २०२३ साली ‘डीप्लायर’च्या नव्या आवृत्तीत केवळ एका आज्ञेपुरते ढीग करण्याची सोय करण्यात आली, काम होताच ते आपोआप मोडतात. टोपलीतल्या चिठ्ठ्यांना ही अडचण नसते. ढीग डोळ्यांना दिसतात.

शेवटी एका आज्ञेचा निर्देश करावयाचा आहे. ती निवडीची नव्हे, निवडीतून राहिलेल्यांची आहे. तिला ‘अँटी-जॉइन’ असे नाव आहे. दोन कोष्टके तिच्या हाती द्यावीत. पहिल्यात आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशा ओळी ती परत करते. शाळेत पहिले कोष्टक म्हणजे जूनमधील पट, आणि दुसरे म्हणजे जी कोणती निवड झाली असेल ती: मार्चची परीक्षा, वजनाचा दिवस, शिष्यवृत्तीची यादी, सहलीचे पैसे भरलेल्यांची नावे. संगणक नसेल तर दोन पट शेजारी ठेवून पेन्सिलीने नावे छेदीत गेले तरी तेच साधते. तीसचाळीस मुलांच्या वर्गाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये. जी नावे छेदावयाची राहतात त्यांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर अखेरची हजेरी कोणत्या तारखेची, ते लिहावे. मूळ नमुन्यात त्यासाठी रकाना नसेल, तर तो पाठीमागे आखून घेता येतो. केंद्रावर माहिती देताना हा कागद मागितला जाईलच असे नाही. तो मुख्याध्यापकांच्या फायलीत असावा आणि पुढच्या जूनमध्ये पट नव्याने मांडताना तो प्रथम काढावा.

‘चिकवेट’च्या बाबतीत पहिले कोष्टक जन्मदिवसाचे, पन्नास ओळींचे, आणि दुसरे एकविसाव्या दिवसाचे, पंचेचाळीस ओळींचे घेतले असता ती आज्ञा पाच ओळी देते. त्या ८, १५, १६, १८ आणि ४४ या क्रमांकांच्या पिल्लांच्या असून जन्मदिवशीची त्यांची वजने अनुक्रमे ४२, ४१, ४१, ३९ आणि ४२ ग्रॅम अशी नोंदलेली आहेत.